ऐंशी हजारांत धरून ठेवलेली जागा

पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात मी सव्वीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म बघून देते. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. मुलीच्या घरच्यांनी ते वाचून होकार दिला आहे. त्यांचं, पत्र देणाऱ्या विद्यापीठाचं किंवा शेवटी प्रवेश झालेल्या कॉलेजचं नाव यात नाही. तारखा आणि रकमा त्यांच्या फाइलमधल्या कागदांवरून घेतल्या आहेत.

२४ एप्रिल २०२४ ला आमच्याकडे डबा देणाऱ्या वहिनींचा फोन आला. सिंहगड रोडला त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे, नवरा स्कूल व्हॅन चालवतो, घर धायरीत. थोरली मुलगी नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीचा अभ्यास करत होती. वहिनींचा आवाज आनंदानं फुटत होता. "ताई, तिला लेटर आलंय. कॉम्प्युटरला नंबर लागला. पंचवीस टक्के स्कॉलरशिप पण दिलीये. फक्त १ मेच्या आत ऐंशी हजार भरायचेत. भरू का?"

मी विचारलं, "पैशांची सोय आहे का?" त्या म्हणाल्या, "करतो." मी म्हणाले, "मग भरून ठेवा. हातात एक जागा राहील. पुढे कॅपमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांत, चांगलं मिळालं तर बघू."

ते पत्र मी मागितलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले, तिनं इतक्या जवळच्या माणसांचा कागद न बघता सल्ला दिला. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे आणि ती आधीच लिहिलेली बरी.

दोन दिवसांत पैसे भरले गेले. वहिनींच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून साठ हजार उचलले आणि वीस हजार भिशीतून आले.

पत्र

ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं जूनमध्ये. दोन पानं होती. पहिल्या पानावर अभिनंदन, मुलीचा फोटो, शाखेचं नाव, शिष्यवृत्तीची टक्केवारी. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत चौदा अटी.

त्यांतल्या चार महत्त्वाच्या. प्रवेश 'तात्पुरता' आहे आणि बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून ठरलेले किमान गुण पडले तरच तो कायम होईल. शिष्यवृत्ती फक्त शिक्षण शुल्कावर आहे, एकूण शुल्कावर नाही. ती दुसऱ्या वर्षी चालू राहण्यासाठी साडेआठच्या वर सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांक, लागेल. आणि भरलेल्या ऐंशी हजारांपैकी पंचवीस हजार 'नोंदणी शुल्क' असून ते कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

पत्र एका खासगी विद्यापीठाचं होतं. बऱ्याच पालकांच्या मनात इथेच गोंधळ असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली इंजिनिअरिंग कॉलेजं, सरकारी असोत वा विनाअनुदानित, राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतात. व्यवस्थापन कोट्याच्या जागा तेवढ्या वेगळ्या. खासगी आणि अभिमत विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात, स्वतःची यादी लावतात आणि स्वतःच्या तारखा ठरवतात. दोन्ही ठिकाणी पदवी बी.टेक. किंवा बी.ई.च मिळते. रस्त्यावरून जाताना दोन्ही इमारती सारख्याच दिसतात, पाट्या सारख्याच इंग्रजीत असतात. व्हॅन चालवणाऱ्या बापाला यातला फरक कळावा कसा? त्याला तो कुणी सांगितला नाही. मलाही फोनवर सांगायचं सुचलं नाही.

आता तारखा बघा. २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीमुळे सीईटीचं वेळापत्रक पुढे सरकलं होतं. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा २ ते १६ मे दरम्यान होती. बारावीचा निकाल २१ मेला लागला, सीईटीचा १६ जूनला. पत्रातली मुदत मात्र १ मे. म्हणजे मुलीच्या हातात एकही निकाल नसताना, सीईटीचा पहिला पेपरसुद्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत, पैसे भरायचे होते. ही तारीख योगायोगानं तिथे आलेली नाही असं माझं ठाम मत आहे. निकाल नसतो तेव्हा घरात फक्त भीती असते, आणि भीतीच्या दिवसांत माणूस दुसरं पान वाचत नाही.

वहिनींच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. त्या म्हणाल्या, पैसे भरल्यावर मुलगी महिनाभरात पहिल्यांदा रात्रभर झोपली. सीईटीला ती मोकळ्या मनानं गेली. तिला ९३ पर्सेंटाइल मिळाले ते त्या झोपेमुळेही असतील. म्हणून पैसे भरणं हीच चूक होती असं मी म्हणणार नाही. ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ९३ टक्के मुलं तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. राज्यभरातून लाखो मुलं बसतात तेव्हा पुढचे सात टक्केसुद्धा हजारोंच्या घरात जातात. पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल याची खात्री या आकड्यावर कुणीच देऊ शकलं नसतं. एखादी पर्यायी जागा हाताशी असावी, असं वाटण्यात गैर काही नव्हतं. चूक झाली ती किमतीचा हिशेब न करण्यात आणि पुढे मूळ कागद देऊन टाकण्यात.

आकडे

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी आणि तिचे बाबा माझ्याकडे आले. डायनिंग टेबलावर वही उघडून आम्ही जो हिशेब केला, तो एप्रिलमध्येच करायला हवा होता.

विद्यापीठाचं वर्षाचं एकूण शुल्क ३ लाख २० हजार. त्यात शिक्षण शुल्क २ लाख ८० हजार. त्यावर पंचवीस टक्के म्हणजे ७० हजारांची सूट. पहिल्या वर्षी भरायचे २ लाख ५० हजार. चारही वर्षं साडेआठच्या वर सीजीपीए टिकला तर दहा लाख. दुसऱ्या वर्षापासून सूट गेली तर १२ लाख १० हजार. शुल्कवाढ यात धरलेली नाही.

दुसऱ्या बाजूला, तिला मिळण्यासारख्या एका विनाअनुदानित कॉलेजचे आकडे घेतले. शिक्षण शुल्क १ लाख २० हजार, विकास शुल्क १२ हजार, विद्यापीठाचे आणि इतर किरकोळ मिळून ६ हजार. मुलगी ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास. ओबीसी विद्यार्थ्यांचं कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाचं निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं, ही सवलत आधीपासून होतीच. म्हणजे वर्षाला ६० हजार अधिक १८ हजार, एकूण ७८ हजार. चार वर्षांचे ३ लाख १२ हजार.

बाबा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही पंचवीस टक्के बघितले. पन्नास टक्के आम्हाला ठाऊकच नव्हते."

या प्रकरणाचं सार मला त्या एका वाक्यात दिसतं. 'स्कॉलरशिप' हा शब्द पत्रात ठळक अक्षरांत होता. सरकारची सवलत कुठल्याही पत्रात लिहून घरी येत नाही. ती शोधावी लागते, दाखले काढावे लागतात, महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो. सत्तर हजारांची सूट मोठी वाटली, कारण ती कशातून वजा होते आहे ते कुणी बघितलं नाही.

आणि मग ८ जुलैला शासन निर्णय निघाला. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत पन्नासऐवजी शंभर टक्के झाली. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर निर्णयातच वगळलेली आहेत. याची घोषणा वर्षाच्या सुरुवातीलाच झाली होती, पण घोषणेवर भरवसा ठेवून एप्रिलमध्ये निर्णय घ्या असं मीही कुणाला सांगितलं नसतं.

वहीतल्या ७८ हजारांवर मुलीनं स्वतः रेघ मारली आणि खाली १८ हजार लिहिलं. चार वर्षांचे ७२ हजार. विद्यापीठात नुसती जागा धरून ठेवायला भरलेल्या रकमेपेक्षाही कमी.

कॅपची वाट

कॅपची नोंदणी जुलैत सुरू झाली आणि लगेच अडचण आली. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत, अर्ज परत आला. जातीचा दाखला होता. जात वैधता प्रमाणपत्र कॉलेजनं अकरावीतच अर्ज करायला लावल्यामुळे तेही होतं. पण नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे ओबीसी सवलतीसाठी घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राची, मुदत ३१ मार्च २०२४ ला संपलेली, आणि त्या प्रवेशाला ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेलं लागत होतं. मुलीचे बाबा व्हॅनच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात महा-ई-सेवा केंद्रात जाऊन उभे राहायचे. हवेली तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधी, त्यावर नॉन-क्रीमीलेअर. मुदतीच्या दोन दिवस आधी ते हाती आलं. न आलं असतं तर ती खुल्या प्रवर्गात गेली असती, जागाही वेगळी आणि शुल्कही वेगळं.

पर्यायांच्या यादीवरून घरात भांडण झालं. बाबांना आंबेगावचं जवळचं कॉलेज एक नंबरला हवं होतं. बस एकच आणि संध्याकाळी मुलगी लवकर घरी. मुलीला कर्वेनगरचं कमिन्स, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज, पहिलं हवं होतं. तिथे नंबर लागणं कठीण आहे हे तिलाही माहीत होतं. मी तिची बाजू घेतली, आणि त्याचं कारण त्यांना समजावलं. कॅपमध्ये संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. वरचा पर्याय न मिळाल्यानं खालचा हुकत नाही. म्हणून कठीण वाटणारं नाव वर लिहिल्यानं काहीच तोटा होत नाही. उलट मिळणारच आहे ते पहिलं लिहिलं आणि पहिल्याच फेरीत लागलं, तर तो प्रवेश आपोआप फ्रीज, म्हणजे पक्का, होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद. (२०२५ पासून फेऱ्या चार झाल्या आणि हा नियम आणखी कडक झाला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा लागला की तो बांधील. आता तर वरचे सहा पर्याय फार जपून लिहावे लागतात.)

शेवटी यादी अशी झाली: आधी मनातली तीन, मग जमण्यासारखी पंधरा-सोळा, तळाला खात्रीची आठ-दहा. आंबेगाव सातव्या नंबरवर गेलं आणि बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पहिल्या फेरीत तिला अकरावा पर्याय लागला, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). विद्यापीठातलं कॉम्प्युटर सोडून ईएनटीसी घ्यायचं का, हा प्रश्न घरात आला. त्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले होते. मुलगी बसमध्ये दोन तास घालवून जात होती, तिला मैत्रिणीही मिळाल्या होत्या. लाखाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी लेखा विभागाचे फोन येत होते. मी एवढंच सांगितलं की हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरा आणि 'नॉट फ्रीज' करा. नॉट फ्रीज केलं म्हणून हातातली जागा जात नाही; पुढच्या फेरीत वरचं काही लागलं तरच ती सुटते. ही एक गोष्ट दरवर्षी शंभरदा सांगावी लागते. कारण शब्दच असा आहे, 'नॉट फ्रीज' ऐकलं की लोकांना जागा सोडून दिल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या फेरीत चौथा पर्याय लागला. पुण्यातलंच कॉलेज, शाखा आयटी. तिसऱ्या फेरीतही तोच राहिला. मुलीनं आयटीचा आणि कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून बघितला आणि म्हणाली, "मावशी, मला चालेल." मैत्रिणी सुटणार म्हणून ती रडलीसुद्धा. ते रडणं मी क्षुल्लक मानत नाही. जागा धरून ठेवण्याच्या हिशेबात हा खर्च कुणी मांडत नाही.

मूळ कागद

खरा घोर पुढे होता. कॅपच्या कॉलेजात प्रवेश नक्की करायला मूळ गुणपत्रिका आणि मूळ लिव्हिंग सर्टिफिकेट लागतं. आणि दोन्ही जूनमध्येच विद्यापीठाच्या कार्यालयात जमा झाली होती. "व्हेरिफिकेशनला द्या" असा मेसेज आला आणि बाबा नेऊन देऊन आले. पोच घेतली नव्हती. ते मला सप्टेंबरात कळलं.

९ सप्टेंबरला, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बाबा प्रवेश रद्द करायला गेले. त्यांना सांगण्यात आलं की प्रक्रियेला पंचेचाळीस कामकाजाचे दिवस लागतील, कागद त्यानंतर मिळतील, आणि पंचवीस हजार कापले जातील. इकडे कॉलेजात हजर होण्याची मुदत दोन दिवसांवर. बाबांनी तिथल्या पायऱ्यांवर बसून मला फोन केला. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

नियम स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची असतात. ती ठेवून घेता येत नाहीत. आणि २०२४-२५ साठी आयोगानं वेगळं शुल्क परतावा धोरण काढलं होतं: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून. संस्थेच्या पत्रातल्या अटीवर सही केली म्हणून हे धोरण लागू होत नाही असं नाही. वर्ग सुरू झाले होते यानंही फरक पडत नव्हता.

त्या रात्री आमच्याकडे आरतीला शेजारी जमले होते आणि मी आतल्या खोलीत अर्ज लिहीत होते. अर्ज साध्या मराठीत होता. प्रवेश रद्द करण्याची तारीख, भरलेली रक्कम, पावती क्रमांक, जमा केलेल्या मूळ कागदांची यादी, आयोगाच्या दोन्ही कागदांचा उल्लेख, आणि शेवटी एक वाक्य: कागद आजच परत न मिळाल्यास शासकीय शुल्क सवलतीस पात्र असलेल्या विद्यार्थिनीची जागा जाईल, याची नोंद घ्यावी. रागाचा एकही शब्द घातला नाही. समोर खिडकीत बसलेला माणूस नियम ठरवत नसतो, हे मला माझ्या सव्वीस वर्षांतून ठाऊक आहे. त्याला वर दाखवायला एक कागद लागतो.

सकाळी आवक खिडकीवर शिक्का द्यायला नकार मिळाला. म्हणून मुलीनं तिथेच उभं राहून तोच अर्ज कुलसचिवांना आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीला ईमेल केला. दुपारी तीनला कागद मिळाले. कॉलेजनंही समजूतदारपणा दाखवला: तोवर हमीपत्रावर तिचं नाव धरून ठेवलं होतं. प्रवेश नक्की झाला तेव्हा भरलेली रक्कम अठरा हजार.

पैशांना वेळ लागला. २०१८ च्या अधिसूचनेत लेखी अर्जापासून पंधरा दिवसांत परतावा द्यायचा असं आहे. विसाव्या दिवशी उत्तर आलं, पंचवीस हजार कापून पंचावन्न देऊ. दुसऱ्या अर्जात आम्ही आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार केल्याचा क्रमांक टाकला आणि २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार नेमलेल्या लोकपालांकडे जाण्याची तयारी कळवली. २२ ऑक्टोबरला खात्यात पूर्ण ऐंशी हजार जमा झाले. प्रवेश परीक्षेचे दीड हजार आणि पाटल्यांवरचं सहा महिन्यांचं व्याज मात्र गेलं. ते कुठल्याच नियमात बसत नाही.

पूर्ण रक्कम मिळाली कारण अर्ज ३० सप्टेंबरच्या आत होता आणि मुलगी ईमेल करण्याइतकी खंबीर होती. हजार-दोन हजारांवर नव्हे, पंचवीस-पंचवीस हजारांवर पाणी सोडणारी घरं मी बघितली आहेत, कारण खिडकीवरचा माणूस "होत नाही" म्हणाला. अशा वेळी एकटं जाऊ नये आणि तोंडी बोलून परत येऊ नये, एवढं मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

या प्रकरणानंतर माझी पद्धत बदलली आहे. फोनवर "भरू का?" असं विचारलं की मी आधी पत्राच्या दोन्ही पानांचे फोटो मागवते. मग तीन गोष्टी विचारते: चार वर्षांचं एकूण शुल्क किती, तुमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कॅपमध्ये किती सवलत, आणि आज भरलेलं कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतं. परताव्याचं धोरण त्या वर्षाचं आहे ना, हे आयोगाच्या संकेतस्थळावर बघून घेते. मूळ कागद सोडू नका, सोडावेच लागले तर यादीवर सही-शिक्का घ्या, हे सांगितल्याशिवाय फोन ठेवत नाही. कुणाला भरायचेच असतील तर मी अडवत नाही. ती झोप मी विसरलेले नाही.

दिवाळीच्या आधी वहिनींनी पाटल्या सोडवून आणल्या. मुलगी आता आयटीच्या पुढच्या वर्षाला आहे. शुल्क सवलतीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्यानं करावा लागतो. दुसऱ्या वर्षीचा तिनं स्वतः भरला, आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवला होता.